एक ब्रास रेती आणि मनूचं रांगणं

शेजारच्या शिवमनं रविवारी सकाळी रांगत येऊन माणिकरावांची चप्पल पळवली, आणि माणिकरावांच्या घरातली शांतता गेली ती गेलीच.

चप्पल जुनी होती, तिचं काही नाही. पण शिवम आणि माणिकरावांची नात मनाली, म्हणजे मनू, एकाच पंधरवड्यात जन्मलेली. दोघांना एकाच दिवशी एकाच नर्सनं लस टोचली होती आणि त्या दिवशीच्या रडण्यात मनू स्पष्टपणे वरचढ ठरली होती. मान तिनं आधी धरली. बसायला ती आधी लागली. बुलढाण्यातल्या त्या कॉलनीच्या मते सामना मनूच्या खिशात होता. आणि आता दहावा महिना सरत आला, शिवम कुंपणाच्या फटीतून येऊन चपला पळवू लागला, आणि मनू मात्र आजीच्या कडेवर बसून तो प्रकार निवृत्त न्यायाधीशासारखी बघत होती.

"जयभीम मोजणीदार! चप्पल घ्या तुमची," शिवमचे आजोबा उत्तमराव कुंपणापलीकडून म्हणाले. "पोट्ट्याले बोलू नका. त्याले हद्द समजत नाही अजून. हद्द दाखवनं तं तुमचं काम."

यातला टोमणा जुना होता. माणिकराव सरकारी मोजणीदार होते. जिल्ह्यातले बांध मोजता मोजता त्यांचे केस पांढरे झाले, आणि त्या मोजणीत उत्तमरावांच्या वावराचा एक पट्टा शेजाऱ्याकडे गेला, असं उत्तमरावांचं आजही म्हणणं होतं. दोघं रोज संध्याकाळी एकत्र फिरायला जात आणि रोज त्या पट्ट्यावरून भांडून परत येत.

"आमच्या घराण्यात सगळे आठव्या महिन्यात रांगले," माणिकराव चप्पल झटकत म्हणाले. "मी स्वतः आठव्यात रांगलो. मायनं ठेवलेल्या पेनापर्यंत थेट गेलो. म्हणून तं सरकारी नोकरी लागली."

"मंग नात काऊन थांबली? भरती बंद हाय म्हून का?"

माणिकरावांनी चप्पल पायात घातली. ती ओली होती.

पण उत्तमरावांचे टोमणे हा या घरापुढचा खरा प्रश्न नव्हता. तो माणिकरावांच्या सुनेचा होता. मंजुश्री हायस्कुलात विज्ञान शिकवायची. तिला नेमणुकीचा कागद आला, त्या दिवशी माणिकरावांनी ज्यांच्याशी बोलणं बंद होतं त्यांच्याही घरी पेढे पाठवले होते. त्यांच्या घरातून फळ्यासमोर उभं राहणारं ते पहिलं माणूस. बाळंतपणाची रजा संपली, ती वाढवली, वाढवलेली पुन्हा वाढवली, आणि आता मुख्याध्यापकांचा निरोप आला होता: उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी हजर व्हा, नाहीतर आम्हाला दुसरी व्यवस्था बघावी लागेल.

"मी नाही जाणार, बाबा," मंजुश्रीनं त्या रविवारी, भाजी निवडता निवडता, मान वर न करता सांगितलं. "मनू रांगत नाही तोवर नाही. तिच्यात काही कमी असेल, तर तिला सोडून मी दुसऱ्यांची पोरं शिकवू? राजीनामा देते."

ती रडली असती तर समजूत घालता आली असती. ती मेथी निवडत राहिली. मुलगा रवी शेगावला बँकेत, घरी यायचा आठवड्यातून एकदा, आणि फोनवर म्हणायचा, "बाबा, तुम्ही पाहून घ्या न." म्हणजे जे काही करायचं, ते माणिकरावांनी, आणि पुढच्या सोमवारच्या आत.

डॉक्टरांना दाखवून झालं होतं. त्यांनी मनूला बसवलं, उभं धरलं, तिच्या पायांत जोर आहे की नाही पाहिलं, हातातली चावी तिला ओढू दिली आणि म्हणाले, "मला तर पोरगी छान वाटते. खाली मोकळी सोडा. सारखं उचलू नका."

हे केसरबाईंना, म्हणजे मनूच्या आजीला, फार लागलं. "खाली मोकळी सोडा म्हने! लेकरू हाय का शेळी?"

आता इथं कॉलनीचा रिवाज सांगायला हवा. मनू सकाळी उठली की केसरबाईंच्या कडेवर. केसरबाई पोळ्या करायला गेल्या की उत्तमरावांच्या शालूबाई तिला घेऊन जात. शालूबाईंकडून ती कोपऱ्यावरच्या सोजराबाईंकडे जाई, आणि तिथून कुणाच्या तरी कडेवर बसून दुपारपर्यंत घरी येई. मनू हे त्या कॉलनीचं फिरतं वाचनालय होतं. ती सध्या कुणाकडे आहे हे नक्की कुणालाच माहीत नसे, पण कुणाकडे तरी आहे याबद्दल सगळ्यांची खात्री असे. जमीन नावाची वस्तू तिनं पाहिली होती, पण वरून.

माणिकरावांनी दुसऱ्याच दिवशी सकाळी प्रशिक्षण सुरू केलं. हॉलमध्ये सतरंजी अंथरली. एका टोकाला आपलं जुनं शाईचं पेन ठेवलं, दुसऱ्या टोकाला मनूला पालथं घातलं. मनूनं सतरंजीत तोंड खुपसलं आणि अटक झाल्यासारखा आक्रोश केला. माणिकरावांनी तिला उचललं, शांत केलं, पुन्हा पालथं घातलं. पुन्हा आक्रोश. मग त्यांना वाटलं, पोरीला प्रात्यक्षिक दाखवलं पाहिजे. ते स्वतः हात-गुडघे टेकून, तोंडात खुळखुळा धरून, सतरंजीभर रांगले. अर्ध्या वाटेत गुडघा असा लचकला की पुढेही जाता येईना आणि उठताही येईना. त्याच वेळी दारात गॅसची टाकी घेऊन माणूस उभा राहिला.

"काका, घरात कोनी मोठं हाय का?" त्यानं विचारलं.

माणिकरावांच्या तोंडात खुळखुळा असल्यामुळे त्यांना या अपमानाचं उत्तर देता आलं नाही.

दर दुपारी बीबी गावाहून गीताबाईंचा फोन यायचा. गीताबाई त्यांची थोरली बहीण. माणिकराव तो फोन कापत. "ताईले कळलं की बीबीच्या बाजारात कळलं," ते केसरबाईंना सांगत. "पोरीची बदनामी नको."

बुधवारपर्यंत कॉलनीतला प्रत्येक जण बालरोगतज्ज्ञ झाला होता. कुणी तेल सांगितलं, कुणी तेल बंद करायला सांगितलं. सोजराबाईंनी आवाज खाली आणला आणि गिरणात, म्हणजे ग्रहणात, पांगळ्या लेकराला कमरेपर्यंत रेतीत पुरतात म्हणून सांगितलं. पांगळ्या हा शब्द त्या घरात पहिल्यांदाच उच्चारला गेला होता. मंजुश्री उठून आत गेली. तिच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज झाला नाही. तिनं ते इतकं हळू लावलं.

"सोजराबाई," केसरबाई म्हणाल्या, "आमच्या घरात असलं चालत नाही. बाबासाहेबांचा फोटो हाय वर. पुरायचंच असन तं तुमची अक्कल पुरा. चहा पेऊन झाला असन तं या आता."

पण रेती हा शब्द माणिकरावांच्या डोक्यात रुतून बसला. उत्तमरावांनी त्यात भर घातली.

"पुरायचं नाही हो. नुसतं रेतीवर सोडायचं. तुमची फरशी पाहा कशी, तोंड दिसते तिच्यात! हात टेकला की लेकरू घसरते. आमच्या वाड्यात रेती पडेल होती घरकामाची, शिवम तिच्यातच रांगाले शिकला."

माणिकरावांना हे एकदम पटलं. पुरणं ही अंधश्रद्धा. घर्षण हे विज्ञान. नवी गुळगुळीत फरशी त्यांनीच हौसेनं बसवली होती. नातीच्या रांगण्याच्या आणि सुनेच्या नोकरीच्या आड आपली हौस आली, या विचारानं ते रात्रभर कूस बदलत राहिले.

त्यांना हवी होती चार घमेली रेती. पण रेतीवाल्याचा हिशेब निराळा. "एक ब्रासच्या खाली ट्रॅक्टर हालत नाही, काका." शुक्रवारी सकाळी एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट, रेती त्यांच्या फाटकात ओतली गेली. फाटक बंद होईना. उत्तमरावांची मोटारसायकल निघेना. वाऱ्यानं रेती ओट्यावर, ओट्यावरून हॉलमध्ये, हॉलमधून वरणात पोचली. आणि मनूला त्या ढिगावर सोडण्याआधीच कॉलनीतल्या यच्चयावत मांजरांनी तो ढीग आपल्या खासगी कामासाठी ताब्यात घेतला. माणिकराव काठी घेऊन राखणीला बसले. जन्मभर लोकांच्या हद्दी राखलेल्या माणसाला स्वतःच्या फाटकात मांजरं ऐकेनात.

"आता इच्यावर लेकरू ठेवता?" केसरबाईंनी नाकाला पदर लावून विचारलं.

मंजुश्रीनं कपाटातून कोरा कागद काढला होता आणि तो टेबलावर पेपरवेटखाली ठेवला होता. माणिकराव त्या कागदाकडे न पाहता तीन वेळा टेबलाजवळून गेले.

शनिवारी सकाळी फाटकात तलाठी उभी राहिली. नाव सारिका, वय कोवळं, चेहरा शासकीय.

"ही रेती कुणाची?"

"माझी."

"वाहतुकीचा पास?"

"ड्रायव्हरकडे आहे."

"ड्रायव्हर कुठंय?"

ड्रायव्हरचा फोन बंद होता. सारिका मॅडमनी कागद काढला. विनापास रेती म्हणजे पंचनामा, पंचनामा म्हणजे पंच, आणि पंच म्हणून उत्तमराव कुणी बोलावण्याआधीच आले होते. त्यांच्यामागून शालूबाई आल्या, सोजराबाई आल्या, हातातलं काम टाकून केसरबाई आल्या.

"काका, बांधकाम कुठं चालू आहे?"

"बांधकाम नाही."

"मग रेती कशासाठी?"

माणिकराव घसा खाकरून म्हणाले, "नातीला रांगवण्यासाठी."

सारिका मॅडमनी पेन थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. "पंचनाम्यात हे असंच लिहू?"

"लिहा न मॅडम," उत्तमराव म्हणाले. "पंच म्हून मी सांगतो. पोट्टी अजून रांगली नाही. यायच्या घरान्यात सगळे आठव्या महिन्यात रांगतात, हेही लिहा. नंतर मोजनीत फरक नको."

"उत्तमराव, तुमचा पट्टा इथं आनू नका!"

"कोन आनला? तुमीच गिळला तो!"

आवाज चढले. तेवढ्यात रेती उचलून न्यायला मॅडमनी बोलावलेला दुसरा ट्रॅक्टर आला आणि ट्रॉली मागे घेत फाटकाकडे सरकू लागला. सगळी कॉलनी "आंदे, आंदे, थोडं डावीकडं" करायला लागली. या गोंधळात मंजुश्री दारात आली आणि साध्या आवाजात म्हणाली, "आई, मनू द्या. तिची खायची वेळ झाली."

केसरबाईंनी आपल्या कडेकडे पाहिलं. "माह्यापाशी? शालूबाईनं नेली होती न?"

"मी तं कवाची ओट्यावर बसवून सोजराबाईले सांगतलं, पाहा म्हून."

"मले?" सोजराबाई म्हणाल्या. "मले वाटलं केसरबाईले सांगतलं. मी तं पंचनामा पाहून राह्यली होती."

ओटा रिकामा होता.

ट्रॉलीचं चाक फाटकाला लागत होतं. मंजुश्री ओरडली. तिचा असला आवाज त्या घरानं कधी ऐकला नव्हता. "थांबवा! थांबवा ते!" ट्रॅक्टर बंद पडला. उत्तमराव, वयाला न शोभणाऱ्या वेगानं, ट्रॉलीखाली आडवे झाले आणि चाकांमागे पाहून बाहेर आले. "इथं नाही. इथं नाही, बाई."

माणिकराव ओट्यावर पोचले होते. वाऱ्यानं आणलेल्या रेतीचा पातळ थर फरशीवर पसरला होता, आणि त्या थरातून एक पट्टा गेला होता. रुंद, सलग, स्वच्छ पुसलेला. जन्मभर त्यांनी जमिनीवरच्या खुणा वाचल्या होत्या. इथं तळहात नव्हते. गुडघे नव्हते. पाऊल नव्हतं. पोतं ओढत न्यावं तसा तो पट्टा ओट्यावरून उंबऱ्याकडे आणि उंबऱ्यावरून आत गेला होता.

"ओढत नेलं," ते पुटपुटले. "कशानं तरी ओढत नेलंय."

शालूबाईंच्या तोंडून शब्द निसटला. "कुत्रं..."

माणिकराव पट्ट्यामागे धावले, मंजुश्री त्यांच्या पुढे. पट्टा हॉलमधून गेला. टेबलाच्या पायाला वळसा घालून गेला. सतरंजी त्यानं टाळली होती. स्वयंपाकघरात शिरला. मोरीकडे वळला. मोरीत सकाळची भरलेली बादली होती.

पट्टा मोरीच्या कठड्यापाशी थांबला होता.

माणिकरावांना बादलीत पाहायचं धाडस झालं नाही. ते भिंतीला धरून उभे राहिले. मंजुश्रीनं पाहिलं. पाणी स्वच्छ होतं, त्यात फक्त खुळखुळा तरंगत होता.

"पुढं गेलाय, बाबा. पट्टा पुढं गेलाय."

तो मोरीपासून फिरून मंजुश्रीच्या खोलीत गेला होता. खोलीत, पलंगाच्या पलीकडे, भिंतीला पाठ लावून मनू बसली होती. तिचा चेहरा पांढराफटक होता. ओठ पांढरे, गाल पांढरे.

मग मनूनं आईकडे पाहून दात दाखवले. तेही पांढरे होते. शेजारी मंजुश्रीची शाळेची पर्स उलटी पडली होती आणि मनूच्या मुठीत अर्धा खाल्लेला खडू होता.

दारात पंच, तलाठी आणि अर्धी कॉलनी येऊन थबकली. एवढी मंडळी जमल्याचं पाहून मनूनं एक पाय दुमडला, दुसरा पुढे टाकला, खडू नसलेला हात फरशीवर टेकला, आणि, सुर्रर्र, बसल्या बसल्या आईच्या पायापाशी आली. थांबली. खडू दुसऱ्या हातात घेतला, आणि, सुर्रर्र, आजोबांपाशी.

"व माय!" केसरबाई मटकन खाली बसल्या. "हे पोट्टी तं बुडानं चालते!"

"आन् म्हने फरशी चिकनी हाय," शालूबाई आपल्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या.

मंजुश्रीनं मनूला उचललं, तिच्या तोंडातून खडूचे तुकडे बोटानं काढले, मग लगेच फोन लावून डॉक्टरांना सगळं सांगितलं. पलीकडून डॉक्टर हसल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. "काही पोरं रांगतच नाहीत हो. बसल्या बसल्या सरकतात आणि मग एकदम उभी राहतात. अशी पोरं चालायला जरा उशीर लावतात, घाबरू नका. खडूनं काही होत नाही, पण सोमवारी संध्याकाळी आणा, एकदा बघून घेऊ. पण तुम्हाला इतके दिवस कळलं कसं नाही? तिला खाली बसवत नव्हता का?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. खाली ठेवत होते, तेव्हा पालथं घालून. बसवत होते, तेव्हा कुणाच्या तरी मांडीवर. पोरीला नुसतं बसवून तिच्यापासून दूर जायचं, हे त्या कॉलनीत आजवर कुणाला सुचलंच नव्हतं. त्यासाठी पंचनामा व्हावा लागला.

"बऱ्याचदा हे घराण्यात असतं," डॉक्टर म्हणाले. "कुणी असं सरकायचं का, विचारा."

"आमच्या घराण्यात सगळे आठव्या महिन्यात..." माणिकरावांनी सुरुवात केली, आणि त्यांचा फोन वाजला. बीबी. त्यांनी तो कापायच्या आत केसरबाईंनी हातातून घेतला आणि स्पीकरवर टाकला.

"काऊन फोन कापते बे, माणक्या?" गीताबाईंचा आवाज खोलीभर घुमला. केसरबाईंनी झालेली हकीकत सांगितली. पलीकडून असं हसू आलं की फोन हलला.

"आन् तो रांगला होता म्हन्ते? कोन सांगतलं त्याले? तो एक दिवस रांगला नाही! दीड वर्साचा होईस्तोवर अंगनभर बुडानं घसरत फिरे. माय त्याच्या चड्डीले मागून पोत्याचा तुकडा लावे! आन् पेन? तो पेनाकडं नाही गेला. पेनामांगं गुळाचा खडा होता."

माणिकराव खाली वाकून उलटी पडलेली पर्स आवरू लागले.

"मॅडम," उत्तमराव अतिशय गंभीरपणे म्हणाले, "ते आठव्या महिन्याचं कलम खोडा. फेरमोजनी झाली."

ड्रायव्हर पास घेऊन दुपारी आला. त्याच्या फोनची बॅटरी संपली होती, पासाची मुदत नाही. सारिका मॅडमनी पास तपासला, अर्धा लिहिलेला पंचनामा फाडला आणि जाताना मनूच्या गालावरचा खडू आपल्या रुमालानं पुसून गेल्या. रेती कॉलनीनं घमेल्याघमेल्यानं वाटून घेतली. सर्वांत मोठा वाटा उत्तमरावांनी नेला, गेलेल्या पट्ट्याच्या भरपाईपोटी. टेबलावरचा कोरा कागद मंजुश्रीनं उचलला, त्याची होडी करून मनूला दिली. मनूनं ती खाल्ली.

सोमवारी सकाळी मंजुश्रीनं साडीला पिना लावल्या, पर्समध्ये खडूचा नवा डबा ठेवला आणि दारात बराच वेळ उभी राहिली.

"बाबा, तुम्ही एकटे सांभाळाल?"

"जा तू. वर्ग भरला असेल."

ती गेली. केसरबाई पोळ्यांना बसल्या. माणिकरावांनी, डॉक्टरांच्या आज्ञेनुसार, मनूला हॉलच्या मधोमध बसवलं आणि दूर झाले. मनू निघाली. हॉलमधून ओट्याकडे, सुर्रर्र. माणिकराव वाकून मागे निघाले, कंबर बोलली. हात-गुडघे टेकले, मागच्या सोमवारचा गुडघा बोलला. शेवटी नाइलाज म्हणून ते फरशीवर बसले, एक पाय दुमडला, एक हात टेकला आणि जोर दिला.

सुर्रर्र.

माणिकराव थांबले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. पुन्हा एकदा करून पाहिलं. शंकाच नव्हती: गुडघा बोलत नव्हता, कंबर बोलत नव्हती, आणि वळणावर तर ते मनूपेक्षा सफाईदार होते.

कुंपणाच्या फटीतून शिवम रांगत आला आणि त्यानं ओट्यावरची चप्पल उचलली. मनूनं आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी मनूकडे पाहिलं. दोघांनी एकेक पाय दुमडला आणि उंबऱ्याकडे सुटले.

गॅसवाला रिकामी टाकी न्यायला फाटकात येऊन उभा होता. यावेळी त्यानं काही विचारलं नाही. शर्यत संपेपर्यंत तो शांतपणे उभा राहिला. मनू पहिली आली.